दारव्ह्याहून शिर्डी, मे महिन्यात: समृद्धी की जुना रस्ता? टोल, वार्षिक पास आणि टायरबद्दल विचारायचं आहे

एमएच२९_दारव्हा

नमस्कार मंडळी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात दारव्ह्याहून शिर्डीला कारने जायचं ठरतंय. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षांची. टायर कंपनीतून आलेलेच आहेत. गाडी कमी फिरल्यामुळे नक्षी अजून चांगली दिसते. माणसं पाच, त्यात आईबाबा साठीपुढचे आणि एक लहान मूल. डिकी भरलेली राहील.

कारंजा लाडपर्यंतचा रस्ता ठरलेला आहे. तिथून समृद्धी पकडायची, की शेलू बाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेड राजा, जालना असा जुना रस्ता धरायचा, यावर घरात एकमत होत नाही. बाबांचं म्हणणं, समृद्धीवर टायर फुटतात आणि टोलही जबर आहे. म्हणून नेमकं विचारतो.

टोल साधारण किती लागेल? फास्टॅगचा तीन हजारांचा वार्षिक पास घेतला तर तो समृद्धीवर चालतो का? या टायरवर एवढ्या उन्हात जाणं बरोबर आहे का? रात्री निघावं की पहाटे? आणि जाताना लोणार करता येईल का?

एक जोडप्रश्न. आमच्या सासऱ्यांचा ट्रॅक्टर राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यावरून जातो, त्याला टोल लागतो का? गावात जो तो वेगळंच सांगतो.

कारंजेकर

भाऊ, समृद्धीनंच जा. जुना रस्ता वाईट आहे म्हणून नाही सांगून राहिलो. मे महिना म्हणजे लग्नसराई. शेलू बाजार, मालेगाव, डोणगाव, मेहकर, जिथं गाव लागलं तिथं गती मोडते. मंगल कार्यालयासमोर दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या, रोडवर वरात, तिच्या मागं जनरेटरचा ठेला. पेरणीच्या आधी शेणखताच्या अन् गाळाच्या ट्रॉल्या चालूच राहतात, त्यांतल्या कित्येकांना मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. दिवसा हे फक्त वेळखाऊ आहे, अंधारात जिवावरचं.

दारव्हा ते कारंजा साधारण चाळीस किलोमीटर धरा, तास जाईल. पुढं कारंजा लाड ते शिर्डी इंटरचेंज, म्हणजे समृद्धीवर चढायची-उतरायची जागा, सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या दरम्यान पडतं. शंभरच्या आत-बाहेर चाललात अन् मधात दोन वेळा थांबलात तरी साडेपाच तासांत शिर्डी. जुन्या रस्त्यानं जालना अन् संभाजीनगरची गर्दी धरली तर अख्खा दिवस गाडीत. साठीपुढच्या माणसांना मेच्या उन्हात दिवसभर बसवणं काही बरं नाही.

पेट्रोल कारंज्यातच फुल करा. समृद्धीवर पंप आहेत, पण एक मागं पडला की दुसरा लांब राहतो, अन् तिथं उलटं वळता येत नाही. पाणी माणशी एक-दीड लिटर जास्तीचं ठेवा. रस्त्याकडेला ढाबा, चहाची टपरी असं काही मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या-औषधाची पिशवी डिकीत नोका टाकू, समोर हाताशी ठेवा.

सातपुडा_एक्सप्रेस

वार्षिक पास घेऊन टाका ना. तीन हजारांत वर्षभर फिरा, टोलचं टेन्शनच नाही.

हिशोबी

सातपुडा भाऊ, शिर्डीच्या या फेरीसाठी त्या पासचा उपयोग नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांपुरता आहे. समृद्धी हा राज्याचा रस्ता, रस्ते विकास महामंडळाचा. तिथे पास असला तरी फास्टॅगच्या शिलकीतून नेहमीसारखेच पैसे कटतात. पास आहे म्हणून शिलक शून्य ठेवून जाणाऱ्याची गाडी बाहेर पडताना अडकते.

समृद्धीचा हिशोब सोपा आहे. १ एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये. सुरुवातीला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हा हा दर १.७३ होता. आजच्या दराने शंभर किलोमीटरला २०६ रुपये. कारंजा ते शिर्डी सातशेच्या आसपास धरा, जाऊन-येऊन चौदाशे. टॅगमध्ये दोन हजार टाकून ठेवा. रिचार्ज आदल्या रात्री करा. रांगेत उभं राहून केलं तर बँकेकडून पैसे गेलेले दिसतात, पण काळ्या यादीतून टॅग निघायला वेळ लागतो आणि बूम, म्हणजे नाक्यावरचा आडवा दांडा, उघडत नाही.

समृद्धीवर आत शिरताना फक्त नोंद होते, पैसे बाहेर पडताना कटतात. म्हणून आत जाताना पाटीवर तुमच्या गाडीचा नंबर उमटला का ते बघा. बूम आधीच उघडा असेल तरी घाई करू नका. आत शिरल्याची नोंदच नसेल तर कुठून आलात यावरून बाहेर वाद होतो. टोल अंतरावर आहे, त्यामुळे मधे उतरून परत चढलात तरी एकूण रकमेत फारसा फरक पडत नाही. लोणारसाठी हे लक्षात ठेवा.

आता पास कोणाला परवडतो? सुरुवातीची किंमत ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल ते. घेताना चालू किंमत राजमार्गयात्रा अॅपवर बघूनच घ्या. फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी आहे, मालवाहू पिकअपला मिळत नाही. फेरी म्हणजे एक नाका एकदा ओलांडणं. जाणं-येणं धरलं की दोन फेऱ्या. तीन हजार भागिले दोनशे, म्हणजे नाक्यामागे पंधरा रुपये पडले. एका नाक्याचे शंभर रुपये धरले तर तीस वेळा नाका ओलांडला की पास वसूल. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर नांदगाव पेठ, कारंजा घाडगे, गोंडखैरी हे नाके अमरावतीहून नागपूरला जाताना लागतातच. ४४ क्रमांकावर बोरखेडी, दारोडा, केळापूर आहेत. महिन्यातून एकदा जरी अमरावती-नागपूर ये-जा असेल तर पास घ्यावा. वर्षातून एकदा शिर्डी आणि बाकी वेळ यवतमाळ-दारव्हा करणाऱ्याने घेऊ नये.

पास घेण्याआधी टॅग गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेला आहे का ते तपासा. नवी गाडी घेताना शोरूममधून बसवलेले काही टॅग नुसत्या चासी नंबरवर राहून जातात, त्यांवर पास चालू होत नाही. आणि टॅग काचेला चिकटलेलाच हवा. हातात धरून दाखवायचा टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो.

आणखी दोन सवलती आहेत. लोक त्या मागत नाहीत, म्हणून नाकेही सांगत नाहीत. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी महिन्याचा स्थानिक पास मिळतो. २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपयांचा होता, दर एप्रिलमध्ये बदलतो. रहिवासाचा पुरावा आणि आरसी घेऊन नाक्याच्या कार्यालयात जायचं. तो त्या एकाच नाक्यावर चालतो. दुसरी सवलत, चोवीस तासांत परत आलात तर दोन्ही वेळचे मिळून दीडपट पैसे. फास्टॅग असेल तर परतीला आपोआप अर्धेच कटायला हवेत. मेसेज उघडून बघत जा. पूर्ण कटले असतील तर टॅग देणाऱ्या बँकेत तक्रार नोंदवा, राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे.

नाक्यावर ‘मशीन बंद आहे, रोख द्या’ म्हणाले तर ऐकू नका. टॅग चालू आहे, शिलक आहे आणि वाचणारं यंत्र त्यांचं बिघडलं आहे, तर गाडी पैसे न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, हा राष्ट्रीय महामार्गांसाठी मे २०१८ पासूनचा नियम आहे. मात्र शंभर मीटरची पिवळी रेघ आणि ‘रांग लांब असली की फुकट’ हे धरून भांडू नका, २०२१ चं ते मार्गदर्शन नंतर मागे घेतलं गेलं. टॅगच चालत नसेल तर नोव्हेंबर २०२५ च्या नियमाप्रमाणे यूपीआयने सव्वापट. शंभराच्या जागी सव्वाशे. शिलक बघण्याच्या आळसाला एवढी किंमत देऊ नये.

टोलला माझा विरोध नाही. पण पैसे देणाऱ्याला नियम माहीत असला पाहिजे आणि त्याने पावती वाचली पाहिजे.

टायर_अलाइनमेंट_अकोला

एमएच२९ दादा, तुमच्या बाबांची भीती खरी आहे, कारण वेगळं आहे. काँक्रीटला दोष देऊन लोक मोकळे होतात. टायर फुटतो तो आतल्या उष्णतेने, आणि ती उष्णता तयार होते हवा कमी असल्यावर.

हवा कमी असेल तर टायरची बाजू, जिला आम्ही साइडवॉल म्हणतो, प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी शंभरच्या वेगाला चाक मिनिटाला साडेआठशे-नऊशे वेळा फिरतं. तेवढ्या वेळा रबर आणि आतली दोऱ्याची वीण वाकते, तापते, आणि शेवटी वीण रबरापासून सुटते. गावच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने तोच टायर वर्षभर चालेल. समृद्धीवर तासभर सलग शंभर-एकशेवीस पळाला की त्याचं दुखणं बाहेर येतं. त्यात बाहेर ४५ अंश, गाडीत पाच माणसं आणि भरलेली डिकी. वजन, वेग, ऊन आणि कमी हवा एकत्र आले की फुटतो.

तुमचे टायर सात वर्षांचे आहेत. नक्षी चांगली दिसते यावर जाऊ नका. नक्षी झिजण्याने मोजतात, रबर वयाने कडक होतं. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूला सापडतील. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षं ही शेवटची हद्द, असं टायर कंपन्या सांगतात. माझं मत, आपल्याकडच्या उन्हात सहा वर्षांपुढचा टायर द्रुतगती मार्गावर पूर्ण वजनाने नेऊ नये. यवतमाळ-दारव्हा करत राहा त्यावर, शिर्डीला नको. चारही घेणं जमत नसेल तर निदान दोन घ्या, ते मागच्या चाकांना बसवा आणि वेग नव्वदच्या आत ठेवा. मागचा टायर पकड सोडतो तेव्हा गाडी गोल फिरते, ती सावरणं समोरचा टायर गेल्यापेक्षा अवघड. दुकानदार नवे टायर पुढे बसवायला बघेल, ऐकू नका.

टायर ठेवायचे की बदलायचे हे ठरवण्याआधी गाडी जॅकवर घेऊन आतली बाजूही बघून घ्या. खड्ड्यात जोरात आपटलेल्या टायरला आत लिंबाएवढा फुगवटा येतो, बाहेरून दिसत नाही. फुगवटा म्हणजे आतली वीण तुटलेली, त्याला इलाज नाही. नक्षीच्या तळाशी आणि बाजूवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तरी टायर काढाच.

आपल्या भागातलं एक खास दुखणं म्हणजे बाभळीचा काटा आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, खुंट. शेतात गाडी नेली की काटा घुसतो, वरचं टोक तुटतं, बाहेर काहीच दिसत नाही. रोज दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा जाते. साबणाच्या पाण्याचा फेस लावून टायर हळूहळू फिरवा, बुडबुडा येतो. पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर काढून घ्या. साइडवॉलमधलं पंक्चर कोणी काढून देतो म्हणाला तरी तो टायर समृद्धीवर नेऊ नका. व्हॉल्व्हही बघा, बोटाने जरा वाकवला की मुळाशी रबर चिरलेलं दिसतं. टायरएवढंच त्याचं वय असतं आणि बदलायला अगदी थोडे पैसे लागतात.

हवा किती? पंपावरच्या पोराला विचारू नका, तो सगळ्या गाड्यांना एकच आकडा सांगतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतात, दोन-तीन माणसांसाठी एक आणि पूर्ण वजनासाठी दुसरा. तुम्हाला दुसरा लागू. हवा थंड टायरमध्ये भरायची, गाडी तीन तास तरी उभी असावी. घरून निघताना किंवा गावातल्या जवळच्या पंपावर भरा. समृद्धीवर तासभर चालल्यावर मोजलात तर चार ते सहा पीएसआय जास्त दिसेल. ते बरोबर आहे, काढू नका. गरम टायरमधून जास्तीची हवा काढली की थंड झाल्यावर तो कमी हवेवर येतो आणि मघाशी सांगितलेला प्रकार सुरू होतो. उन्हाळा आहे म्हणून मुद्दाम कमी हवा भरणारे लोक आहेत. त्यांना समजावून सांगा, हे उलटं आहे.

नायट्रोजन घ्या किंवा घेऊ नका, त्याने फुटणं थांबत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा एवढाच की हवा जरा सावकाश उतरते आणि ओल नसते. हवा कमीच ठेवली तर नायट्रोजनही वाचवत नाही.

एमएच२९_दारव्हा

फार उपयोगाचं सांगितलंत. आत्ताच आकडे बघितले, चारही टायर सात वर्षांचेच निघाले. चारही बदलतो. स्टेपनी कधीच वापरलेली नाही, ती एक इंच लहान आहे. ती चालेल का? आणि नवीन टायर जायच्या आदल्या दिवशी बसवले तर चालेल?

टायर_अलाइनमेंट_अकोला

आदल्या दिवशी नको, आठ-दहा दिवस आधी बसवा. नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो, तो दोनेकशे किलोमीटरमध्ये घासून जातो, तोवर पकड कमी. शिवाय बॅलन्सिंगची चूक कळायला गाडी नव्वदवर नेऊन बघावी लागते. त्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग, सीट थरथरली तर मागचं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. हे सगळं निघायच्या आधी कळलं पाहिजे. घेताना टायरवर इंडेक्स बघा, म्हणजे वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर, तुमच्या जुन्या टायरवरचं तेच किंवा वरचं हवं. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० पर्यंतची वेगक्षमता.

लहान स्टेपनी तात्पुरती असते. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक ठिकाणी ८०. ती लावली की पुढच्या इंटरचेंजला खाली उतरून पंक्चर काढा, तिच्यावर शिर्डी गाठायचा विचार करू नका. वापरलेली नसली तरी तिचंही वय सात वर्षं आहे आणि तिच्यातली हवा हमखास उतरलेली असते. आजच मोजा. जॅक, पाना आणि नट ढिले होतात का हेही घरीच बघून घ्या. मशीनने आवळलेले नट हाताच्या पान्याला दाद देत नाहीत.

मेहकर_फाटा

वेग आणि वेळ यावर लिहितो, कारण टायर ठीक असला तरी समृद्धीवर माणसं मरतात ती समोरच्या गाडीवर मागून आदळून किंवा डोळा लागून.

मैदानी भागात कारला १२० ची मर्यादा आहे, घाटात १००. मालवाहू गाड्यांना ८०. म्हणजे नियमाने चालणारा ट्रकही तुमच्याहून ताशी चाळीसने सावकाश आहे, आणि चढावर तो पन्नासवर येतो. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. समोर काही दिसलं, पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद गेला, पन्नास मीटर संपले. पुढे चांगले टायर आणि कोरडा रस्ता धरून थांबायला आणखी ऐंशी मीटर. एकूण १३०. शंभरला हेच अंतर शंभर मीटरच्या जरा आत येतं. लो बीमचा उजेड पन्नास-साठ मीटर पुरतो. मग बंद पडलेला, मागचा दिवा नसलेला ट्रक रात्री दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून रात्री निघू नका, हे माझं ठाम मत आहे. ३३० किलोमीटरला १२० आणि १०० मध्ये फरक फक्त ३३ मिनिटांचा. तेवढ्यासाठी आईबाबांना घेऊन पळवू नका. शंभरच ठेवा, पेट्रोलही वाचतं.

घरून पहाटे साडेपाचला निघा. मेमध्ये पावणेसहापर्यंत सूर्य उगवतो, म्हणजे दारव्हा-कारंजा पट्टा उजेडात होतो. त्या पट्ट्यावर पहाटे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्ता ओलांडतात. एक रोही गेला की लगेच वेग वाढवू नका, मागून कळप येतो. हॉर्न मारला तर तो बिचकून गाडीवरच येतो, ब्रेक मारा आणि थांबून राहा. समृद्धीला कुंपण आहे, तरी जनावर येणारच नाही असं धरून चालू नका. पश्चिमेला जाताना सकाळचं ऊन पाठीवर राहतं, अकराच्या आत शिर्डी गाठता. परतीला सकाळी निघालात तर दोन-अडीच तास सूर्य थेट डोळ्यांत येईल. काच आतूनही पुसून घ्या, आतला धुरकट थर उन्हात पांढरा पडदा होतो.

तीन लेन आहेत. डावी जड वाहनांची, मधली तुमची, उजवी फक्त ओव्हरटेकला. ओव्हरटेक झाला की मधल्या लेनमध्ये परत या. उजव्या लेनला चिकटून ऐंशीने चालणारे ट्रकही भेटतील. त्यांना डावीकडून घासून काढायचा मोह होतो. एकदा डिपर द्या, अंतर ठेवा, तो सरकेपर्यंत थांबा. डावीकडून काढताना तोही नेमका तेव्हाच डावीकडे येतो.

सरळ रस्त्यावर डोळे उघडे असून मेंदू झोपतो. दीड तासाने किंवा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर थांबाच. थांबायचं ते सुविधा असलेल्या जागी किंवा इंटरचेंजबाहेर, कडेच्या पट्टीवर नाही. लघवीला, फोटोला, फोनला कडेला उभी केलेली गाडी मागच्याच्या डोळ्याला चालणारीच वाटते. जांभया सुरू झाल्या की खिडकी उघडणं, गाणी लावणं याचा उपयोग दहा मिनिटं. वीस मिनिटांची झोप हाच इलाज.

गाडी बंद पडलीच तर जमेल तेवढी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि माणसं आधी उतरवा, डावीकडच्या दारांनीच. सगळ्यांना लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीत किंवा गाडीमागे कोणीही थांबू नये. त्रिकोण शंभर मीटरपेक्षा जास्त मागे ठेवा, आणि कठड्याच्या पलीकडून चालत जा. टायर बदलायची वेळ उजव्या बाजूच्या चाकावर आली तर स्वतः बसू नका, महामार्गाची मदत गाडी बोलवा. मदतीचा नंबर फलकांवर असतो, तो निघतानाच फोनमध्ये भरा. कुठे आहात हे सांगायला दुभाजकावरचा किलोमीटरचा आकडा वाचा. ११२ आणि १०८ आहेतच.

मागच्या सीटवरचे पट्टे लावा. मूल मांडीवर नको.

लोणार_रोड

एवढे सगळे समृद्धीच्या बाजूने बोलत आहेत, तर जुन्या रस्त्याचीही बाजू मांडतो. शिर्डी एका दमात गाठायचीच असं नसेल तर थोडा तुकडा जुन्या रस्त्यानं करा. मेहकर इंटरचेंजला उतरा, सुलतानपूरमार्गे लोणार. दैत्यसुदनाचं मंदिर बघा, सरोवर वरच्या कठड्यावरून बघा. खाली उतरण्याच्या पायऱ्या साठीपुढच्या माणसांना मेमध्ये झेपत नाहीत. सकाळी नवाच्या आत पोहोचलात तरच मजा, नंतर दगड तापतो. परत सुलतानपूरला येऊन दुसरबीड, तिथून जवळ सिंदखेड राजाला जिजाऊंचा राजवाडा, आणि मग पुन्हा समृद्धी. हिशोबींनी सांगितलंच, टोल अंतरावर आहे, उतरल्याचा दंड नाही. अडीच-तीन तास जास्त धरा. लोणार करायचं असेल तर शिर्डीला मुक्काम पक्का ठेवा, त्याच दिवशी परतीचा विचार नको.

काळ्या मातीतल्या या रस्त्यांवर एक गोष्ट सांभाळा. उन्हाळ्यात माती आकसते, डांबराची कड आणि साइडपट्टी यांत हातभर खोल पायरी तयार होते. समोरून ट्रक आला म्हणून चाक खाली उतरलं तर झटक्यात वर घेऊ नका, गाडी आडवी होते. स्टिअरिंग घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग तीसवर आल्यावर चाक सावकाश वर घ्या. आणि वळवाचा पाऊस झाला तर त्याच साइडपट्टीवर गाडी उभी करू नका, चाक रुततं आणि काढायला ट्रॅक्टरच लागतो.

एमएच२९_दारव्हा

लोणार परतीला करावं असं आता वाटतंय, जाताना सरळ शिर्डी. टायरची ऑर्डर उद्या देतो. ट्रॅक्टरचं राहिलं.

हिशोबी

राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम २००८ प्रमाणे दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि बैलगाडी यांना टोल नाही. सासऱ्यांच्या ट्रॅक्टरकडून नाक्यावर पैसे मागितले तर नियमाचं नाव घेऊन पावती मागा. मात्र जिथे सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता आहे तिथे ट्रॅक्टर मुख्य रस्त्यावर आणायची परवानगी नसते, त्या कारणाने अडवलं तर ते बरोबर आहे. समृद्धीवर तर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदीच आहे.

शेतमालाची पिकअप म्हणजे ट्रॅक्टर नव्हे. संत्री, कापूस, काहीही भरलेलं असो, तिला हलक्या मालवाहू गाडीचा दर लागतो. पिकअपला कारचा टॅग चिकटवलेला असेल तर नाक्यावर वर्ग जुळत नाही आणि फरकाचे पैसे भरावे लागतात. टॅग देणाऱ्या बँकेकडून आरसी दाखवून वर्ग दुरुस्त करून घ्या.

कारंजेकर

ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी लावून द्या भाऊ सासऱ्यांना. दोन्ही कोपऱ्यांना उभी, अन् आडवी एक. जुन्या ट्रॉलीला रंग उडालेला असतो, त्यावर पट्टी धरत नाही. आधी तारेच्या ब्रशनं गंज काढा, पुसून कोरडं करा, मग लावा. शेणखत भरताना पट्टी झाकली जाते, निघायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायची.